मूळ कुठलं ते सोडा, मूळ किती खोल ते बघा

गेल्या जानेवारीत आमच्या टेकडीवर सकाळी सकाळी जेसीबी चढला. सोबत वीसेक मजूर, हातात कोयते. दुपारपर्यंत पश्चिमेच्या उतारावरची घाणेरी (लँटाना) साफ, आणि गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) पन्नासेक झाडं आडवी. संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे महाभारत सुरू झालं ते पंधरा दिवस चाललं. एका बाजूला "परदेशी कचरा गेला, आता वड-पिंपळ लावा"वाले. दुसऱ्या बाजूला "झाडांनाही आता नागरिकत्वाचे कागद मागणार का"वाले. मग कोणीतरी बटाटा, टोमॅटो, मिरची, पेरू, सीताफळ अशी लांबलचक यादी टाकली की हे पण सगळं परदेशीच, उद्यापासून वडापाव बंद करा. त्यावर कोणीतरी चिडून ग्रुप सोडला, मग परत आला. आणि ह्या सगळ्या धुरळ्यात आमच्या इथल्या एका रिटायर्ड मॅडमनी, आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या, एकच मेसेज टाकला होता: "घाणेरी जमिनीलगत कापली आहे, खालचा गड्डा तसाच आहे, पावसाळ्यात दुप्पट फुटेल." त्याला तीन थम्स अप. त्यातला एक त्यांच्या सख्ख्या बहिणीचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. हा जो देशी-परदेशी वाद आपण घालतोय तो ज्यांचा हा विषय आहे ती माणसं घालतच नाहीयेत. आपण भांडतो झाडाचं मूळ कुठलं यावर, आणि ती बघतात मूळ किती खोल गेलंय, कुठून परत फुटतं, बी किती वर्षं जमिनीत दम धरून बसतं, आणि ह्याला हात लावायचा तरी की नाही. आक्रमक प्रजातींवर, म्हणजे नव्या जागी येऊन बेसुमार पसरणाऱ्या आणि तिथल्यांना मारक ठरणाऱ्या जीवांवर, काम करणाऱ्या तज्ज्ञांना आपण एकतर झाडांचे देशभक्त समजतो नाहीतर झाडांचे जातीयवादी, आणि दोन्ही समजुतींमुळे एकच घडतं, त्यांना कोणी विचारत नाही. विचारलंच तर जेसीबी येऊन गेल्यावर. ह्यांना आधी विचारायला हवं, नंतरही निदान चार-पाच वर्षं विचारत राहायला हवं, आणि पैसा उपटण्यावर घालतो तेवढाच उपटल्यानंतर मोजत बसण्यावर घालायला हवा. बस एवढंच.

आता "परदेशी कचरा"वाल्यांकडे आधी येतो, कारण वरवर बघता ते तज्ज्ञांच्या बाजूचे वाटतात. नाहीत. जैवविविधतेवरच्या आयपीबीईएस ह्या आंतरराष्ट्रीय मंचाचा २०२३चा अहवाल सांगतो की माणसाने जगभरात इकडून तिकडे नेलेल्या प्रजाती ३७,००० च्या वर आहेत आणि त्यातल्या नुकसान करणाऱ्या म्हणून नोंदलेल्या साधारण ३,५००. म्हणजे दहातली एकसुद्धा नाही. हे आकडे त्याच तज्ज्ञांनी काढलेत ज्यांच्यावर सगळं परदेशी वाईट म्हणतात असा आरोप आहे! आणि देशी म्हणजे साधंभोळं, असं समजणाऱ्यांनी जरा बाहेर जाऊन आपल्या मंडळींचे प्रताप बघावेत. आपली साळुंकी, जिची जोडी दिसली की आपण शकुन समजतो, ती जगातल्या शंभर सर्वात त्रासदायक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे, ऑस्ट्रेलियात तिला पकडायला पिंजरे लावतात. आपलं मुंगूस १८७२ मध्ये कलकत्त्याहून जमैकाला गेलं, उसातले उंदीर खायला, तिथून पुढे हवाईला, आणि तिथे त्याने उंदरांपेक्षा जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडीच जास्त खाल्ली. लंडनला राहणारा माझा मावसभाऊ तिथल्या बागेतल्या हिरव्या पोपटांचे फोटो कौतुकाने पाठवतो, बघ रे आपले पोपट, आणि तिथले पक्षीवाले त्याच पोपटांच्या नावाने बोटं मोडत असतात. मग साळुंकी चांगली की वाईट? प्रश्नच चुकलाय ना. कुठे, कशाबरोबर, कोणाच्या जागेवर, हे धरल्याशिवाय उत्तरच नाही.

देशाची सीमा तर ह्या बाबतीत फारच कच्ची फूटपट्टी आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२च्या दुरुस्तीने पहिल्यांदा आक्रमक परकीय प्रजातीची व्याख्या आली, चांगली गोष्ट आहे, पण ती म्हणते भारताची मूळ रहिवासी नसलेली प्रजाती. आता अंदमानात इंग्रजांनी शिकारीसाठी नेऊन सोडलेलं चितळ घ्या. चितळ शंभर टक्के भारतीय, अंदमानही भारतात, पण त्या बेटांवर कधी हरीणच नव्हतं, तिथली जंगलातली कोवळी रोपं ते खाऊन टाकतं आणि जंगल पुन्हा उभं राहायला रोपच उरत नाही. कागदावर ते परकीय नाही. तिथे काम करणाऱ्या माणसाला विचारा, तो तुम्हाला नकाशावरची रेष दाखवणार नाही, चितळ पोचलंय तिथलं आणि न पोचलेलं जंगल शेजारी शेजारी दाखवेल.

बरं, आता "निसर्ग बदलतच असतो"वाले. ह्यांचा मुद्दा मला जास्त दमदार वाटतो आणि तो नुसता ग्रुपवरचा मुद्दा नाही, २०११ मध्ये नेचर ह्या पत्रिकेत एकोणीस शास्त्रज्ञांनी मिळून हेच लिहिलं होतं की प्रजातीला तिच्या जन्मगावावरून जोखू नका, ती काय करते त्यावरून जोखा. शंभर टक्के मान्य. पण मग जोखा ना! इथेच गाडी अडते, कारण आपले लोक पहिलं अर्धं वाक्य वाचतात आणि जोखायचं काम सोडून देतात. मिरची आणि गाजरगवत दोन्ही अमेरिका खंडातून आले म्हणून एकाच माळेत कसे ओवणार? मिरचीला रोप करा, सरी काढा, पाणी द्या, थ्रिप्स किडीच्या मागे पळा, तेव्हा कुठे ती येते, आणि बांध ओलांडून पलीकडच्या माळावर स्वतःहून गेलेली मिरची कोणी पाहिलीय? गाजरगवताचं एक झाड हजारो बिया टाकतं, अंगाला लागलं की खाज, परागकणांनी दमा, गुरं तोंड लावत नाहीत, आणि पडीक रान म्हणू नका, रस्ता म्हणू नका, शाळेचं मैदान म्हणू नका. घाणेरीचं तर काय सांगावं, १८०७-०९च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेला म्हणून आणलेलं झुडूप, आणि वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार आज देशातल्या वाघांच्या टापूतल्या जंगलांच्या चाळीस टक्क्यांहून जास्त भागात तिने हातपाय पसरलेत. घाणेरीखाली गवत वाढत नाही, गवत नाही तर हरणं नाहीत, हरणं नाहीत तर वाघ गावाकडे बघणार. आणि बदल म्हणजे बदल, त्यात काय एवढं, असं म्हणणाऱ्याची म्हैस बहुधा त्या रानात चरत नसते.

मग येतो तो खरा टोचणारा मुद्दा. ग्रुपवर एका काकांनी लिहिलं होतं, "हे तज्ज्ञच तर आणतात सगळं, आणि मग हेच काढायला पैसे मागतात." ह्याला उडवून लावता येत नाही. वेडी बाभूळ एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या वनखात्याने आणली, १९४० मध्ये जोधपूर संस्थानात तिला राजवृक्षाचा मान होता, आणि १९६०च्या दशकात कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात खारी जमीन पुढे सरकू नये म्हणून सरकारनेच लावली. आज बन्नीचं गवत शोधावं लागतं. तिलापिया मासा, ज्याला उजनीकाठी चिलापी म्हणतात, तो १९५२ मध्ये मत्स्यवाल्यांनीच भारतात आणला. सुबाभूळ, गिरिपुष्प, सगळीकडे कोणीतरी शिकलेला माणूस होता, रिपोर्ट होता, सही होती. आणि ह्या सगळ्यांचा बाप म्हणजे ऑस्ट्रेलियातला केन टोड हा विषारी बेडूक. १९३५ मध्ये उसावरचे भुंगेरे खायला म्हणून हवाईहून शंभरेक बेडूक आणले, ऊस संशोधन केंद्राच्या माणसांनीच आणले. भुंगेरे राहिले उसाच्या शेंड्यावर, बेडूक राहिले जमिनीवर, आणि विषारी कातडीमुळे त्यांना खाणारे साप नि सरडे मेले. आज तिथे ते कोट्यवधी झालेत.

पण जरा नीट बघा, ह्यातल्या प्रत्येक ठिकाणी तज्ज्ञाला प्रश्न काय विचारला होता? मुरमाड जमिनीत, पाण्याशिवाय, झटपट वाढणारं आणि गुरं न खाणारं झाड सांगा. त्याने सांगितलं. बरोबर सांगितलं हो! गिरिपुष्प गुरं सहसा खात नाहीत, उंदीरमारी हे त्याचं दुसरं नाव उगीच नाही पडलं, फांदी खोचली तरी जगतं, लागवडीचं टार्गेट पूर्ण, फोटो छान. चाळीस वर्षांनी ह्या टेकडीवर दुसरं काही उगवेल का, हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता, आणि जो त्याचं उत्तर देऊ शकला असता तो दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या मजल्यावर, वाळलेल्या फांद्यांना नंबर देत बसला होता. "तज्ज्ञ" ह्या एकाच शब्दात दोन वेगळी माणसं कोंबल्यामुळे हा घोळ होतो. झाड वाढवण्याचा तज्ज्ञ आणि झाड पसरतं कसं ह्याचा तज्ज्ञ ह्यांच्यात हाडांच्या डॉक्टरात आणि साथीच्या डॉक्टरात असतो तेवढा फरक आहे. पहिल्याच्या चुका दाखवून दुसऱ्याला गप्प बसवणं म्हणजे, काय म्हणतात ते, चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी ह्या विषयात एवढा का बोलतोय त्याचं कारण सांगतो. आम्ही मूळचे सांगलीकडचे, ऊसवाले. २००२च्या पावसाळ्यात आमच्या भागात उसावर लोकरी मावा आला. तुम्ही पाहिला नसेल तर, पानाच्या खालच्या अंगाला कापूस पिंजून चिकटवावा तसा पांढरा थर, त्यातून खालच्या पानांवर चिकट थेंब पडत राहतात, त्यावर काळी बुरशी चढते, आणि लांबून सगळा फड काजळी धरल्यासारखा दिसतो. शेतातून बाहेर आलात की केसाला, शर्टाला, भुवयांना ती लोकर. आमचे अण्णा म्हणजे वडील तेव्हा पन्नाशीचे, औषधाचा पंप पाठीवर मारून आठ-नऊ फुटी उसात शिरायचे, पात तोंडाला कापते, वरून औषधाचे तुषार आपल्याच अंगावर, आणि पंधरा दिवसांनी बघावं तर मावा परत हजर. तिसऱ्या फवारणीनंतर त्यांना उलट्या झाल्या. गावात एक म्हणायचा ही कंपन्यांनी सोडलेली कीड आहे, दुसरा म्हणायचा विमानातून फवारा, आणि एकजात सगळ्यांना सरकारने काहीतरी कडक औषध द्यावं असं वाटत होतं.

तेवढ्यात कारखान्याच्या शेती खात्यातला एक पोरगेला माणूस आमच्या बांधावर आला आणि म्हणाला, अण्णा, फवारणी थांबवा. अण्णांनी त्याला काय शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही. त्याने एक पान तोडून उलटं केलं आणि माव्याच्या थरात जाळं विणून बसलेली एक बारकी अळी दाखवली. ही मावा खाते, हिचं नाव कोनोबाथ्रा, तुम्ही औषध मारता तेव्हा मावा थोडा मरतो आणि ही सगळी मरते. नंतर त्या कीटकांना शेडनेटमध्ये वाढवून पानांचे तुकडे शेतकऱ्यांना वाटायला लागले, मायक्रोमस नावाचा दुसरा मित्रकीटक आला, पुढे ईशान्येकडून आणलेला इनकार्शिया नावाचा तिसरा आला. दोनेक वर्षांत मावा बसला. संपला नाही, बसला, अजून कुठेतरी एखाद्या फडात दिसतो आणि त्याच्या मागोमाग ती अळीही दिसते. आणि गंमत बघा, हा मावा भारतातलाच होता, बंगाल-ईशान्य भारतात आधीपासून असलेला, आमच्याकडे तो त्याला खाणाऱ्यांच्या आधी पोचला एवढाच घोटाळा. देशी-परदेशीच्या चाळणीतून तो आरामात खाली पडला असता. आज ऊसवाल्या पोरांना लोकरी मावा विचारा, निम्म्यांना माहीत नाही. ह्या धंद्याचं हेच दुखणं आहे, काम फसलं तर पन्नास वर्षं नाव निघतं आणि जमलं तर कीड पण विसरतात आणि माणूस पण.

असंच पपईचं झालं. २००८ मध्ये कोइम्बतूरला एक नवा पिठ्या ढेकूण सापडला, मेक्सिकोकडचा, पपई, तुती, टॅपिओका सगळ्यावर पिठासारखा पसरला आणि दोन वर्षांत पुण्यापर्यंत आला. औषधं मारून लोक थकले. २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने प्युर्टो रिकोहून तीन जातींचे परोपजीवी कीटक मागवले, डोळ्याला धड दिसणार नाहीत एवढे, त्यातला एक इतका कामाचा निघाला की वर्षभरात बागा सावरायला लागल्या. आता सांगा, तुम्ही गेल्या महिन्यात पपई खाल्ली तेव्हा ह्यातलं काही आठवलं? मला तरी नाही आठवलं.

इथे कोणी म्हणेल, परदेशी किडीवर परदेशी किडा सोडला, केन टोडचंच झालं की हे. रास्त शंका आहे. फरक हा की बेडूक समोर येईल ते खातो आणि तो सोडताना तो दुसरं काय खाईल हे कोणी धड तपासलं नव्हतं. त्यानंतर ह्या लोकांनी कानाला खडा लावला. आता बाहेरचा कीटक आणायचा तर आधी बंद प्रयोगशाळेत त्याला आपली पिकं, आपली झाडं पुढे ठेवून उपाशी मारून बघतात, मरेल पण दुसरं खाणार नाही अशी खात्री झाली तरच बाहेर. गाजरगवतावरचा मेक्सिकन भुंगा १९८३ मध्ये बंगळुरूला आणला, तपासण्या करून १९८४ मध्ये सोडला, आणि काही वर्षांनी तो सूर्यफुलावर दिसला! केवढा गहजब झाला, सोडणं थांबलं, चौकशी समिती बसली. तपासात निघालं काय, तर शेजारच्या गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानावर पडायचे आणि त्या चवीने भुंगा पान कुरतडायचा, पण सूर्यफुलावर त्याची पिढी काही वाढत नव्हती. मला ह्या गोष्टीत भुंग्यापेक्षा जास्त आवडतं ते हे की काम थांबवलं, तपासलं, मग पुढे गेले. आपल्याकडे कुठल्या खात्यात असं होतं? तरी भुंगा काही रामबाण नाही, पावसाळ्यात पानं फस्त करतो आणि कोरड्या दिवसांत मातीत जाऊन झोपतो, हे पण तेच लोक सांगतात.

आणि जागा बदलली की तोच नायक खलनायक होतो ह्याचं उदाहरण हवं असेल तर निवडुंगाचं घ्या. ऑस्ट्रेलियात फड्या निवडुंगाने अडीच कोटी हेक्टरच्या आसपास जमीन गिळली होती, १९२६ मध्ये अर्जेंटिनाचा एक पतंग सोडला, त्याच्या अळ्यांनी काही वर्षांत निवडुंग झोपवला, लोकांनी कृतज्ञतेने एका सभागृहाला त्या पतंगाचं नाव दिलं. तोच पतंग १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर नेला, तिथून पसरत १९८९ मध्ये फ्लोरिडात पोचला आणि तिथले मूळचे निवडुंग खायला लागला, जिथे ते कोणालाही नको होतं. आपल्याकडची कथा तर अजून जुनी, १७९५ मध्ये इंग्रजांना किरमिजी रंग काढायला कोचिनिल किडा हवा होता, आला भलताच, रंग निघाला हलका पण किड्याने निवडुंगाचे पट्टेच्या पट्टे साफ केले. तेव्हा तज्ज्ञही नव्हता आणि योजनाही नव्हती, नुसतं नशीब. पुण्यात निवडुंग्या विठोबा आहे, त्या नावावरून तरी कळतं एकेकाळी ह्या शहराच्या आसपास काय माजलं होतं. दरवेळी नशिबावर सोडायचं का?

नशिबावर सोडलं की काय होतं ते पुण्यानेच देशाला दाखवलंय. गाजरगवत १९५५ मध्ये पुण्यात उकिरड्यावर दिसलं. दिसलं म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याच्या आर. एस. राव ह्यांना दिसलं, त्यांनी ओळखलं, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात रीतसर छापलं की ही वनस्पती भारतासाठी नवी नोंद आहे. ह्या तणाचा विषय निघाला की आपण काय बोलतो? अमेरिकेने पीएल-४८० ह्या धान्य-मदतीच्या करारातल्या सडक्या गव्हातून पाठवलं, काँग्रेसचं राज्य म्हणून काँग्रेस गवत. आता तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये आणि झाड आधीच उकिरड्यावर उभं होतं, गहू त्याआधीही यायचा म्हणा, तेव्हा त्यात काही तथ्य असेलही, पण सत्तर वर्षं आपण कोणी पाठवलं ह्यावरच वाद घालतोय. मला दुसराच प्रश्न पडतो. त्या माणसाने पाहिलं, लिहिलं, छापलं, मग ते वाचून चार मजूर नि दोन कुदळी पाठवणं हे नक्की कोणाचं काम होतं? कोणाचंच नव्हतं. तोवर ते अजून कुठे कुठे रुजलं असेलही, तरी उकिरड्यावरची झाडं उपटायला किती खर्च आला असता? आता दर ऑगस्टमध्ये जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर गाजरगवत जागृती सप्ताह होतो, शाळेची पोरं हातमोजे घालून उपटतात, पेढे वाटतात, पुढच्या वर्षी परत.

माझी तज्ज्ञांवर आंधळी भक्ती आहे असं समजू नका. ह्या लोकांनी पण ऐकायला वेळ लावलाय. कर्नाटकात बिळिगिरीरंगन टेकड्यांतले सोलिगा आदिवासी म्हणत होते की आम्ही दरवर्षी वेळेत, कोवळ्या घाणेरीच्या वयात, जमिनीलगतची हलकी आग लावायचो, त्यात घाणेरीची रोपं मरायची, अभयारण्य झाल्यावर आग बंद केली आणि घाणेरी माजली. वनखात्याला आग म्हणजे आग, सगळी वाईट. नंतर संशोधकांनी सोलिगांबरोबर बसून हे नोंदवलं तेव्हा कुठे त्याला ज्ञान म्हणायला सुरुवात झाली. आता वाळक्या घाणेरीचा एवढा ढीग साठलाय की तीच हलकी आग वणवा होईल, म्हणजे जुना उपाय जसाच्या तसा परत लावायचा तर तोही जपूनच. मग सोलिगा तज्ज्ञ नाहीत का? माझ्या मते आहेत, त्यांना टीए-डीए मिळत नाही एवढाच फरक.

आणि पोटाचा प्रश्न. बन्नीत वेड्या बाभळीचा कोळसा करून घरं चालतात, उजनीत चिलापीवर मच्छीमारांची चूल पेटते, घाणेरीच्या काड्यांच्या खुर्च्या विकून काही आदिवासी पाड्यांना चार पैसे मिळतात. उद्या कोणी सगळं उपटा म्हणालं तर आधी ह्यांच्या ताटातलं जाणार. हा आक्षेप पूर्ण खरा आहे. पण ज्याने शेतात-रानात वीस वर्षं काढलीत असा माणूस सगळं उपटा म्हणतच नाही, ते म्हणणारे बहुतेक टेंडर काढणारे असतात. चिलापी धरणातून आता निघत नाही, त्यावर पैसा घालवू नका, पण तो थाई मांगूर, परदेशी खादाड मासा, अजून नदीच्या वरच्या अंगाला पोचला नसेल तर तिथे जीव टाका, ही ह्या लोकांची भाषा असते. काय सोडून द्यायचं हे सांगणं त्यांच्या कामाचा मोठा भाग आहे आणि नेमकं तेच आपण कधी विचारत नाही, कारण सोडून देण्याचं बिल निघत नाही.

बिलावरून जलपर्णी आठवली. आपल्या शहरांतल्या नद्यांवर दर उन्हाळ्यात पोकलेन उतरतं, हिरवा ढिगारा काठावर, डास, बातम्या, निधी मंजूर, आणि पुढच्या जानेवारीत नदी परत हिरवी. जलपर्णी वाढते मैलापाण्यातल्या नत्र-स्फुरदावर, तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, हे कुठलाही कृषी पदवीधर सांगेल. सांडपाणी चालू ठेवून जलपर्णी काढणं म्हणजे नळ सुरू ठेवून फरशी पुसणं. तिच्यावरचे भुंगेरे पण १९८०च्या दशकात भारतात आलेत, पण त्यांना वाढायला वेळ आणि स्थिर पाणी लागतं, मधेच पोकलेन आलं की जलपर्णीबरोबर तेही ट्रकमध्ये. मध्य प्रदेशात सारणीच्या सातपुडा धरणावर साल्व्हिनिया नावाचं पाणतण माजलं होतं, तिथे जबलपूरवाल्यांनी असेच भुंगेरे सोडले आणि थांबले. थांबले, हे महत्त्वाचं. सुरुवातीचे महिने काहीच दिसत नव्हतं, मग तण तपकिरी पडून खाली बसत गेलं. आपल्या एखाद्या नगरसेवकाला सांगून बघा बरं, साहेब, वर्षभर काहीच दिसणार नाही.

तर आमची टेकडी. जूनच्या शेवटी दोन दमदार पाऊस झाले आणि मॅडमचा मेसेज खरा ठरला, एकेका गड्ड्यातून आठ-दहा फुटवे, आधी झुडूप होतं तिथे आता झुडपांचं बेट. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू ह्यांनी कॉर्बेटच्या जंगलात बसवलेली पद्धत आता बऱ्याच ठिकाणी वापरतात, जमिनीखाली जिथून फुटवे येतात त्याच्या खाली मुख्य मूळ तोडायचं, झाड उपटून उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं, मग त्या जागी गवताचं बी टाकायचं आणि पुढचे पावसाळे परत परत येऊन रोपं उपटायची. कोयत्याच्या जागी कुदळ. मजुरी जास्त लागते, जेसीबी अजिबात लागत नाही. मॅडमनी हे कामाच्या आधीच, डिसेंबरात, एका कागदावर लिहून दिलं होतं असं नंतर कळलं. गिरिपुष्पाबद्दल तर त्यांनी लिहिलं होतं की एकदम काढू नका, दरवर्षी थोडी थोडी विरळ करा, सावलीत खाली हिवर, बारतोंडी आपोआप येताहेत ती जपा, उतार उघडा पडला तर माती खाली येईल. कागद फाईलला लागला.

जुलैत ओढ्याच्या बाजूने माती खाली आली, थोडीच, पण पायवाट बुजली. ग्रुपवर परत सुरू, देशी झाडं लावली ती का जगली नाहीत, कोणी पाणी घातलं नाही, वगैरे. मी विचारलं, लावली किती आणि जगली किती, कोणी मोजलीत का? दोन दिवस कोणीच काही बोललं नाही. मग मॅडमचा मेसेज आला, रविवारी सात वाजता वही घेऊन येते, अजून दोघंतिघं आले तर बरं, एकटीने वरचा उतार होत नाही गुडघ्यामुळे.